अठरा तोळे चांदी

डॉक्टरने पारुबाईच्या गालावर लोंबणारी घुगरी उचलून आपल्या तळहातावर घेतली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिच्या कानापुढचा जबड्याचा सांधा दाबला.

“मुँह खोलो.”

पारुबाईने तोंड उघडलं. दोन बोटं मावतील एवढं उघडून ते अडलं. मग खालचा जबडा उजवीकडे सरकला, आत कट् असा आवाज झाला आणि राहिलेलं तोंड उघडलं. तो आवाज दाराशी उकिडव्या बसलेल्या भावसिंगालाही ऐकू गेला. त्याला त्याचं नवल नव्हतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, त्यातली दहा-बारा वर्षं तो भाकरी खाताना समोरून हा आवाज ऐकत होता. त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. परक्या माणसाच्या हातात त्याच्या बायकोची घुगरी होती आणि ते त्याला मुळीच बघवत नव्हतं.

“कितनी चांदी है ये?” डॉक्टरने विचारलं.

“अठरा तोळे, साब. दोन्ही मिलाके.”

“और कबसे लटकी है?”

“लगीन हुआ तबसे.”

डॉक्टर म्हातारा होता, हैदराबादकडचा. हिंगोलीच्या दवाखान्यात बसून त्याने मुलखातली सगळी दुखणी पाहिली होती आणि आवाज चढवायचा त्याला कंटाळा आला होता. तो हळूच म्हणाला, “देखो भाई. आधा सर दुखता, उल्टी होती, उजाला सहन नहीं होता, ये एक बीमारी. जबडे का जोड बिगड गया, ये दूसरी. दोनों एक-दूसरे को सोने नहीं देते. पुडी देता मैं. मगर पहले ये उतारो. सारा वजन इसी जोड पे आरा.”

भावसिंग ताडकन उठला.

“डाक्टरसाब,” तो म्हणाला, “हम अबी जिंदा है.”

डॉक्टरला काही कळलं नाही. कळायचं कसं? लमाणांच्या बाईला लग्नात घुगरी चढते. कानापुढच्या केसांची बट घट्ट विणायची, तिच्यात चांदीची टोपली अडकवायची आणि तिच्याखाली बारीक घुंगरांची घुगरी गालावर सोडायची. उजवीकडे एक, डावीकडे एक. नवरा आहे तोवर ती तिथंच असते, झोपेत, बाळंतपणात आणि तापातसुद्धा. ती उतरते आयुष्यात एकदाच, नवऱ्याला घरातून उचलायच्या आधी. आणि हा भला माणूस नवऱ्यादेखत म्हणत होता की उतरवा.

पुड्या घेऊन दोघं बाहेर पडले. बैलगाडी कयाधूच्या पात्रात उतरली, पाणी चाकाला लागलं, पलीकडे चढली, तरी भावसिंगाचा राग उतरेना.

“मला मारायला निंगाला व्हता त्यो. पुड्या देतो म्हने! आन् त्या पुड्याच्या आदी मी मरायचं.”

“त्येला काय ठावं आपलं?” पारुबाई म्हणाली.

“ठावं न्हाई तर हात काहून लावावा?”

ऊन वर आलं होतं आणि तिचं उजवं कपाळ ठणकू लागलं होतं. पण ती विचार करत होती तो डॉक्टरच्या हाताचा. त्याने घुगरी तळहातावर घेतली तेव्हा दोन श्वासांपुरता तिच्या केसांवरचा ताण गेला होता. कानामागून मानेत उतरणारी ती ओढ थांबली होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. इतकं बरं वाटलं होतं की तिला त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. नवरा जिवंत असताना घुगरीचा भार नकोसा वाटावा म्हणजे काय? तिने ते मनातल्या मनात दाबून टाकलं आणि ओढणी डोळ्यांवर ओढली.

सेनगावच्या वाटेवर माळाच्या कुशीत तीस-बत्तीस घरांचा त्यांचा तांडा होता. पूर्वी बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहणारी माणसं. पुढे रेल्वे आली, बैल विकले गेले, आणि आता सगळे ज्वारी-कापसात रुतले होते. आपसात गोरबोली, गावात गेलं की मराठी, कचेरीत गेलं की उर्दू. पारुबाईचं दुखणं तिन्ही भाषांत सांगून झालं होतं.

अर्धशिशीवर औषध सांगत नाही असा माणूस त्या मुलखात जन्मलाच नव्हता. भगताने अंगारा लावला. कुणी सुंठेचा लेप सांगितला. कुणी कानशिलावर बिब्ब्याचा डाग द्यायला लावला, त्याची काळी खूण कायमची राहिली. जिच्या शेतात पारुबाई कापूस वेचायची ती गावातली चतुराबाई म्हणाली, “सूर्य उगवायच्या आदी दुधात जिलेबी घालून खाय. माज्या माहेरी तिघींचं डोकं ऱ्हायलं.” भावसिंग सेनगावच्या बाजारातून जिलेबी घेऊन आला. पारुबाईची अर्धशिशी जिथल्या तिथं राहिली. भावसिंगाला मात्र जिलेबीची चटक लागली.

दुखणं आठवड्याला एकदा तरी यायचं. सकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, की तिला कळायचं. सूर्य चढेल तसं उजवं अंग चढायचं. डोळा, कानशील, दाढा, मान. दुपारी ओकारी यायची, आणि ओकताना जबडा ताणला की सांध्यात कळ उठायची. त्या कळेने ती दात आवळायची आणि आवळलेल्या दातांनी डोकं आणखी चढायचं. यातलं आधी कोण नि मागून कोण हे तिलाही सांगता आलं नसतं. कडक भाकरी तिने सोडून दिली होती. वरणात कुस्करायची, ताकात भिजवायची, पोराच्या पहिल्या घासासारखी मऊ करायची आणि डाव्या दाढेने खायची. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची.

आणि वर घुगरी. मान हलली की घुंगरं वाजायची आणि एकेक घुंगरू डोक्यात खिळ्यासारखं बसायचं. म्हणून ती न वाजवता चालायला शिकली. मान ताठ, पाऊल सपाट, खांदे गच्च. तांड्यातल्या बायका म्हणायच्या, “पारूच्या मानंत काठी घातलीया. लई ताठा.” हसत म्हणायच्या, पण म्हणायच्या. ताठा कसला, बाई जीव मुठीत धरून चालत होती.

भावसिंगाला मात्र त्यातलं एक कळलं होतं. घुगरी वाजत असली की पारू बरी आहे. वाजली नाही की दुखतंय. तो शेतातून येताना लांबूनच कान द्यायचा. वाजत नसलं तर चपला बाहेर काढून आत यायचा, पोराला दटावायचा आणि बोलायचा नाही. यापलीकडे काय करावं हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

लेकीच्या लग्नात फजितीच झाली. लमाणांच्या लग्नात नवरी आणि बायका गळ्यात गळे घालून, सूर लावून रडतात. त्याला ढावलो म्हणतात. ज्या आईला ढावलो नीट म्हणता येत नाही तिच्या मायेला लोक नावं ठेवतात. पारुबाईचा गळा चांगला होता. तिने लेकीला मिठी मारली, पहिली ओळ उचलली, वरच्या सुराला तोंड मोठं उघडलं आणि जबडा तिथंच अडकला. मिटेना. उघड्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी गाळत ती लेकीकडे बघत राहिली. लेकीला वाटलं, आईला शब्द सुचेना. शेवटी तांड्याच्या नायकाच्या बायकोने, जिवनबाईने, दोन्ही अंगठे तिच्या मागच्या दाढांवर ठेवून जबडा खाली दाबला आणि मागे लोटला. नायकणीचा हात जबरदस्त. तांड्यातल्या साऱ्या बायकांच्या बटा तिनेच विणलेल्या; पारुबाई नवरी होऊन आली तेव्हा तिची घुगरीही तिनेच चढवली होती.

“लेक चालली आन् हिनं ढावलो अर्ध्यावर सोडला,” असं मग वर्षभर बोललं गेलं.

दवाखान्यातून आल्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. कापसाची वेचणी चालू होती. पारुबाई सकाळीच शेतातून परत आली होती. दुपारी भावसिंग भाकरीला आला तो घुगरीचा आवाज नाही. आत पाहिलं तर ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले, आणि दोन्ही हातांनी दोन्ही घुगऱ्या खालून उचलून धरलेल्या. हात थरथरत होते. किती वेळ धरल्या असतील कोण जाणे.

तिने डोळे उघडले आणि चोरी पकडल्यासारखे हात खाली घेतले.

“काय करून राहिली?”

“काय न्हाई.”

“डाक्टरनं धरली व्हती तशी धरून राहिली.”

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुखण्याने आलं की पकडलं जाण्याने, हे त्याला कळलं नाही.

भावसिंग तिच्यासमोर मांडी घालून बसला. त्याने आपले दोन्ही हात पुढे केले आणि दोन्ही घुगऱ्या तळहातांवर घेतल्या. त्याचे हात कुळवाच्या रुमण्यावर राठ झालेले होते. चांदी त्याच्या हातात गार लागली. अठरा तोळे म्हणजे काही फार नव्हे, असं त्याला आधी वाटलं. मग हात अधांतरी राहिल्यावर कोपर भरून आलं. मग खांदा. मग मुंग्या. त्याने हात खाली घेतले नाहीत. तिचं डोकं हळूहळू मागे टेकलं, ओठ सैल झाले, ती झोपली. तो तसाच बसून राहिला. शेजारच्याने बाहेरून हाक मारली, तरी त्याने ओ दिली नाही.

ती उठली तेव्हा तो हात झटकत म्हणाला, “लई वजन हाय गं हिचं.”

“व्हय,” ती म्हणाली.

“मला वाटलं न्हवतं.”

“तुमी कवा घातली व्हती?”

त्यावर दोघंही हसले. ती हनुवटीखाली मूठ धरून. त्यानंतर दुखणं आलं आणि भावसिंग घरी असला की तो असा बसायचा. तांड्यात कुणाला हे ठाऊक नव्हतं. बायकोपुढे हात पसरून बसणारा बाप्या म्हणून लोकांनी त्याला जगू दिलं नसतं.

अठ्ठेचाळीस साली मुलुखभर रझाकारांची भीती पसरली. रोज नवी बातमी यायची. होळी झाली आणि गुलाबसिंग नायकाने सगळ्यांना बोलावलं.

“बायकांच्या अंगावरची चांदी उतरवा,” तो म्हणाला. “समदी. घुगरीबी. कोसाकोसावरून वाजती. माज्या गोठ्यात पुरू. दिस निवळले की काढू.”

बायकांनी एकच गलका केला. घुगरी उतरवायची? नवरे जिवंत असताना? तेव्हा नायकानेच तोड काढली. टोपली-घुगरीच्या जागी बटांत लाल सुताचा दोरा विणायचा. देवाला माफी मागायची. आपत्तीत चालतं.

त्या दुपारी तांड्यात कुणी मेल्यासारखं रडं होतं. जिवनबाई एकेकीची घुगरी सोडवत होती आणि जिची सोडवावी ती नवऱ्याच्या नावाने हंबरडा फोडत होती. पारुबाईची पाळी आली. उजवी सुटली, डावी सुटली, लाल दोरा विणला गेला. इतर बायकांसारखं रडावं म्हणून तिने पदर डोळ्यांना लावला. पण पदराआड ती रडत नव्हती. तिची मान आपोआप वर आली होती. तिला वाटलं, आता उठून उभं राहिलं तर पाय जमिनीला लागायचे नाहीत.

रझाकार काही त्या तांड्याकडे आले नाहीत. पुरुष माळावर आळीपाळीने पहारा देत राहिले, बायका कपाळाला हात लावून बसत राहिल्या, आणि त्या सगळ्या धास्तीच्या महिन्यांत पारुबाई तिच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस काढत होती. हे बोलायची सोय नव्हती. अर्धशिशी गेली नाही. पण आठवड्याची महिन्यावर गेली. जबडा कट् म्हणायचा, पण अडकत नव्हता. वैशाखात तिने भुईमुगाच्या शेंगा भाजल्या आणि उजव्या दाढेने चावून खाल्ल्या. भावसिंग बघत राहिला.

“दुखून राहिलं न्हाई?”

“जरा जरा.” तिने आणखी एक शेंग फोडली. “पर लई ग्वाड लागून राहिली.”

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजाम पडला, आणि दिवाळीच्या आधी नायकाने गोठा उकरला. गाडगी बाहेर आली. बायकांनी रिठ्याच्या पाण्यात चांदी घासली, आणि नायकाच्या दारात रांग लागली. वाद्यं नव्हती एवढंच, नाहीतर लग्नच. ज्या पुढं जायच्या त्या छुमछुम घुगरी वाजवत परत यायच्या.

पारुबाई पाटावर बसली. जिवनबाईने लाल दोरा उसवायला हात घातला, तेव्हा तिने डोळे मिटले आणि दात आवळले. अजून घुगरी केसांना लागलीही नव्हती.

ते भावसिंगाने पाहिलं.

“नायकण, ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “हिला दोराच ऱ्हाऊ दे.”

जिवनबाईचा हात थांबला. ओसरीवर बसलेला नायक खाली उतरला.

“काय म्हनून राहिला तू, भावसिंग?”

“हिची घुगरी चढवायची न्हाई.”

“डोकं फिरलं काय तुजं? नवरा जित्ता आन् बाई भुंडी?”

“मी जित्ता हाय,” भावसिंग म्हणाला. नायकापुढे तो आजवर कधी बोलला नव्हता. “हितं तुज्याम्होरं हुबा हाय. त्ये सांगायला चांदी कशापायी पायजे? सात म्हैने समद्यांच्या बायका सुताच्या दोऱ्यावर व्हत्या. आमी बाप्ये मेलो काय?”

“ती आपत्ती व्हती.”

“हिची आपत्ती बावीस वर्सांची हाय, नायक.”

पारुबाईने डोळे उघडून नवऱ्याकडे पाहिलं. तिला त्याचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच्या तोंडावर हात ठेवावासाही वाटला. तिला घुगरी नको होती, हे खरं. पण आपल्यासाठी तो काहीतरी अंगावर ओढवून घेतोय, हेही तिला दिसत होतं.

“तुज्या जिवावर बेतंल,” नायक शेवटी म्हणाला. “मग नायकानं सांगितलं न्हाई म्हनू नको.”

भावसिंगाने दोन्ही घुगऱ्या उचलल्या, घरी आणल्या आणि आपल्या उशाशी खुंटीला अडकवल्या. वारा आला की त्या कधीमधी वाजायच्या. त्या दिवसापासून पारुबाईला कुणी लग्नाकार्यात पुढे बोलावलं नाही. हळदीला तिचा हात घेतला नाही. पाणवठ्यावर बायका तिला वाट द्यायच्या, आणि ते वाट देणं आदराचं नव्हतं. तिने ते सोसलं. तिला सोसायची सवय होती. आणि हे निदान डोक्यात ठणकत नव्हतं.

मार्गशीर्षात भावसिंगाला ताप भरला. पहिले दोन दिवस तो तापातच शेतात जाऊन आला. तिसऱ्या दिवशी पडला. खोकला, छातीत कळ, श्वासाला घरघर. पोरगा वसराम हिंगोलीला जाऊन पुड्या घेऊन आला. म्हातारा डॉक्टर आता नव्हता, दुसरा होता. सहाव्या दिवशी ताप उतरेना, तेव्हा पारुबाईचं धैर्य सुटलं. नायकाचे शब्द तिच्या कानात घोळत होते. तिने खुंटीवरच्या घुगऱ्या काढल्या आणि कोपऱ्यात पाठमोरी बसून स्वतःच्याच हातांनी बटांत विणायला लागली. उजवी जेमतेम लागली होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

“पारू.”

ती वळली. घुंगरं वाजली.

“काढ त्ये.”

“ऱ्हाऊ द्या. चार दिस. तुमी उठून बसा, मंग काढते.”

“माजा ताप काय तुज्या केसांत जाऊन बसलाय व्हय?” भावसिंग हसायचा प्रयत्न करत म्हणाला. त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्याने हात उचलला, तिच्याकडे उताणा पसरला. “काढ म्हन्तो ना. आता मला धरून बसनं व्हायचं न्हाई.”

तिने काढली. त्याच्या देखत पुन्हा खुंटीला अडकवली.

नवव्या दिवशी सकाळी, ऊन नुकतं दारात आलं होतं, तेव्हा भावसिंग गेला.

तांडा गोळा झाला. बायकांनी सूर धरला. पारुबाईलाही रडायचं होतं, त्याच्या नावाने मोठ्याने रडायचं होतं, पण पहाटेपासून तिचं उजवं डोकं चढलं होतं आणि जबडा असा आवळला होता की तोंडात एक बोट जाईना. ती दातांवर दात ठेवून हुं हुं करत राहिली. दारातलं ऊन तिच्या डोळ्यांत सुयांसारखं शिरत होतं. आणि मागे कुजबुज चालली होती, ती तिला नीट ऐकू येत होती. हिनंच खाल्ला. आधीच उतरवून बसली होती. आता काय उतरवायचं हिचं?

जिवनबाई आत आली. तिच्या हातात कात्री होती. ती पारुबाईशेजारी बसली आणि बटेतला लाल दोरा चिमटीत धरून म्हणाली, “सूतच तर हाय. तोडते आन् व्हती मोकळी.”

पारुबाईने तिचा हात धरला.

“थांब, नायकण.”

ती भिंत धरून उठली. खुंटीवरच्या दोन्ही घुगऱ्या काढून तिने जिवनबाईच्या ओच्यात टाकल्या.

“आदी ह्या घाल.”

“आता?” जिवनबाई तिच्याकडे बघत राहिली. “आता कशाला घालायच्या, येडे?”

“काढायला,” पारुबाई दातांआडून म्हणाली. “बावीस वर्सं त्येच्या नावानं वागवल्या म्या. त्येला सुतावर धाडू व्हय? घाल. घट घाल.”

बायकांचा सूर थांबला. जिवनबाईने दाराकडे पाहिलं. दारात नायक उभा होता. त्याने होकाराची मान हलवली.

जिवनबाईने दोरे उसवले, बटा ओढून विणल्या, टोपल्या बसवल्या, घुगऱ्या सोडल्या. पहिली ओढ बसली तेव्हा पारुबाईला ओकारी आली. ती तिने गिळली. सगळं जिथल्या तिथं परत आलं. कानशील, दाढा, मान. एवढ्या महिन्यांत तिला वाटलं होतं, आपण विसरलो. शरीर काही विसरलं नव्हतं.

ती उठली. खाटेपर्यंत पाच-सात पावलांचं अंतर. आजवर डोकं चढलं की ती घुगरी वाजू न देता चालत आली होती. आज ती मान सैल सोडून चालली. प्रत्येक पावलाला घुंगरं खणखणीत वाजली आणि प्रत्येक पावलाला तिचं डोकं फुटत होतं. पण त्याला लांबून ऐकू जायचं ना, वाजली की पारू बरी आहे म्हणून. तिने वाजू दिली.

खाटेशी ती गुडघ्यांवर बसली. भावसिंगाचा उजवा हात अंगालगत होता. तिने तो उताणा केला, बोटं जमतील तेवढी सरळ केली, मग वाकून आपला गाल त्याच्या तळहातावर ठेवला. घुगरी त्याच्या हातात उतरली. केसांची ओढ गेली. ती तशीच राहिली, दोन श्वास, चार श्वास.

मग ती सरळ बसली आणि म्हणाली, “काढ आता.”

जिवनबाईने काढायला सुरुवात केली. हजार बटा विणलेला आणि उसवलेला तो हात, पण आज त्याला गाठ सापडत नव्हती. तिच्या डोळ्यांतलं पाणी पारुबाईच्या मानेवर पडत होतं. डावी सुटली. उजवी सुटली. चांदी कापडात बांधून बाजूला ठेवली गेली.

पुरुष भावसिंगाला घेऊन गेले. ऊन माथ्यावर आलं. बायका एकेक करून उठल्या, जिवनबाई तेवढी राहिली. तिने ज्वारीची पेज केली, निववली आणि वाटी पारुबाईच्या पुढ्यात ठेवली.

“दुखून राहिलं का गं?”

पारुबाईने मान हलवली. काही वाजलं नाही. कानांपुढच्या दोन्ही बटा विणीच्या खुणांनी अजून वेड्यावाकड्या होत्या, आणि तिचा उजवा हात गालाखाली तळवा वर करून धरलेला होता. पेज गार होईस्तोवर तिने तो खाली घेतला नाही.